मूल लांबच्या दवाखान्यात ॲडमिट झालं तर राहायची सोय कशी करायची (इस्रायलमधल्या आपल्या मराठी ज्यू लोकांसाठी)

माझ्या बहिणीच्या मुलाला सहाव्या वर्षी ल्युकेमिया निघाला आणि दक्षिणेतल्या आमच्या गावातून त्याला थेट मध्य इस्रायलमधल्या मोठ्या दवाखान्यात पाठवलं. पहिल्या चार रात्री बहीण वॉर्डातल्या खुर्चीत बसून आणि मेहुणे पार्किंगमध्ये गाडीत झोपून काढल्या, पाचव्या दिवशी शेजारच्या कॉटवरच्या मुलीच्या आजीने विचारलं, तुम्ही रूम मागितली नाही का अजून? अशी रूम मागायची असते हेच आम्हाला कोणी सांगितलं नव्हतं. म्हणून हे सगळं एकदा नीट लिहून ठेवतेय.

पहिल्याच दिवशी वॉर्डातल्या सोशल वर्करला, म्हणजे ओवेदेत सोत्सियालितला भेटा. ती आपणहून येईल म्हणून थांबू नका, नर्सला सांगून बोलवा. सेवाभावी घरांमध्ये रूम बहुतेक तिच्याच शिफारशीने मिळते, तुम्ही थेट फोन केलात तरी ते तिचंच पत्र मागतात. तिला सरळ सांगायचं की आम्ही इतक्या लांबून आलोय, घरी अजून दोन मुलं आहेत, शब्बाथ (शुक्रवार संध्याकाळ ते शनिवार रात्र, विश्रांतीचा दिवस) पाळतो, जवळ नातेवाईक कोणी नाही. आपल्या लोकांना मागायची फार लाज वाटते, आई-वडिलांनी तसंच शिकवलंय, पण ही घरं याच दिवसांसाठी बांधलीत आणि थकून पडलेली आई मुलाच्या काही उपयोगाची नसते.

सोबत ओळखपत्र, दवाखान्याचं पत्र, औषधांची यादी आणि कुपातून, म्हणजे आपल्या आरोग्य विमा संस्थेतून, मिळालेला तोफेस १७ एका फाइलमध्ये ठेवा. तोफेस १७ हा दवाखान्याच्या खर्चाचा कागद आहे, राहायच्या खर्चाचा नाही, यात खूप जण गोंधळतात. रूम फुकट असते की थोडे पैसे घेतात, किती दिवस मिळते, मूल डिस्चार्ज होऊन नुसत्या तपासण्यांना येत असेल तरी मिळते का, हे तीन प्रश्न आधीच विचारून घ्या. वेटिंग लिस्ट असली तरी नाव घालाच, रूम अचानक रिकामी होते.

पेताह तिकवात श्नायडर चिल्ड्रन्स हॉस्पिटलला असाल तर एझेर मित्सियोनचं ओरानित विचारा, ते कॅन्सर पेशंट आणि त्यांच्या घरच्यांसाठीच आहे. एझेर मित्सियोन ही बने ब्राकची संस्था, १९७९ पासून काम करते, दवाखान्यात पेशंटसोबत बसलेल्या नातेवाइकांना जेवणही पोचवते. तेल अवीवजवळच्या शेबा नाहीतर जेरुसलेमच्या हदासा दवाखान्यात असाल तर तिथल्या सोशल वर्करकडे जवळच्या बिकुर खोलिमच्या (आजाऱ्यांना मदत करणाऱ्या सेवाभावी मंडळांच्या) फ्लॅट्सची यादी मागा. व्हीलचेअर, ऑक्सिजन मशीन, कॉट असलं काही लागलं तर याद सारा, १९७६ ला जेरुसलेममध्ये सुरू झालेली, डिपॉझिट ठेवून वस्तू वापरायला देतात, विकत घेऊ नका. ट्रीटमेंटला अमेरिकेत जावं लागलं तर खाय लाइफलाइन ही १९८७ पासूनची ज्यू संस्था आजारी मुलांच्या कुटुंबांसाठीच आहे. आणि रोनाल्ड मॅकडोनाल्ड हाउस, पहिलं १९७४ ला फिलाडेल्फियात उघडलं, ते कुठल्याही धर्माच्या माणसांना घेतात, तिथे कोशर (ज्यू नियमांप्रमाणे मांस आणि दूध वेगळं ठेवणारं) किचन वेगळं आहे का तेवढं आधी विचारा.

आता सगळ्यात महत्त्वाचं. रूम किती चांगली यापेक्षा ती किती जवळ ते बघा. शुक्रवारी सूर्य मावळला की शनिवारी रात्रीपर्यंत गाडी नाही, बहुतेक ठिकाणी बसही नाही, म्हणजे चालत पोचता येत नसेल तर एक जण पंचवीस तास वॉर्डात अडकला आणि दुसरा रूमवर. रूम घ्यायच्या आधी आठवड्यातल्या एखाद्या दिवशी ते अंतर स्वतः चालून बघा, उन्हात, पिशवी घेऊन. दाराला साधी किल्ली आहे की कार्ड, हे विचारायला विसरू नका, शब्बाथला विजेवरचं काही चालू-बंद करायचं नसतं! आमच्या पहिल्या शब्बाथला कार्डाचं दार निघालं, मेहुणे रात्री अकराला वॉर्डातून दमून आले आणि बाहेर पायरीवर बसून राहिले, शेवटी आतला एक माणूस कचरा टाकायला बाहेर आला तेव्हा आत जाता आलं. लिफ्ट शब्बाथची, म्हणजे बटण न दाबता चालणारी, आहे का, जिन्यातला दिवा माणूस जवळ आला की आपोआप लागतो का, बाबागाडी ढकलत न्यायची तर तिथपर्यंत एरुव (शब्बाथला ज्याच्या आत वस्तू नेता येतात ती आखलेली हद्द) आहे का, हेही त्याच वेळी विचारा.

पण मुलाला ताप आला तर यातलं काही बघायचं नाही. किमो चालू असलेल्या मुलाला ३८ ताप म्हणजे इमर्जन्सी, फोन उचलायचा, टॅक्सी बोलवायची, निघायचं. जीव वाचवायला शब्बाथ मोडायचाच असतो आणि जो त्यात घाई करतो त्याचंच कौतुक करायचं असं हलाखात, म्हणजे ज्यू धर्मनियमांत, स्पष्ट आहे. रब्बींना विचारत बसू नका. विचारायचं तर आधीच, साध्या दिवशी, की तिथून परत कसं यायचं.

किचन सगळ्यांचं मिळून असतं. मांसाहाराची आणि दुधाची भांडी, सिंक वेगळी असतात, बहुतेक ठिकाणी लाल आणि निळी खूण असते, तरी स्वतःची एक छोटी कढई, सुरी आणि मसाल्याचा डबा न्या, दोन आठवड्यांनी घरच्या आमटीचा वास आला की माणसाला बरं वाटतं. शुक्रवारी दुपारी दोनच्या आत स्वयंपाक उरका, नंतर प्लातावर (शब्बाथला जेवण गरम ठेवायच्या विजेच्या तव्यावर) जागा मिळत नाही. डब्यावर पट्टी लावून नाव, तारीख आणि मांस, दूध की पारवे (दोन्ही नसलेलं) ते लिहा. लांब वायरचा चार्जर, जाड मोजे आणि बॅटरीवरच्या शब्बाथच्या मेणबत्त्याही ठेवा, वॉर्डात खरी ज्योत लावू देत नाहीत.

घरी राहिलेल्या भावंडांना शक्य असेल तर आठवड्यातून एकदा तरी रूमवर आणा, त्यांनाही आई हवी असते. सर्दी असली, वर्गात कोणाला कांजिण्या निघाल्या असल्या तर मात्र नाही, आणि चुकून संपर्क आलाच असेल तर लपवू नका, घराच्या मॅनेजरला आणि डॉक्टरला लगेच सांगा, तिथल्या प्रत्येक खोलीत प्रतिकारशक्ती नसलेलं एखादं मूल असतं. बोन मॅरो ट्रान्सप्लांट झालं असेल तर साधारण पहिले शंभर दिवस जवळच राहायला लावतात, तेव्हा नोकरी, शाळा, भाडं याचा हिशोब तेवढ्या दिवसांचा धरा.

आजी-मावश्यांसाठी एक. नवस बोललात, एलियाहू हनाबीचा (प्रेषित एलियाच्या नावाने करतात तो पोह्यांचा) मलिदा करायचाय, समजतं मला, पण वॉर्डात नको. पोहे, ओलं खोबरं, कापलेली फळं त्या मुलांना बहुतेक चालत नाहीत. मूल घरी आलं, डॉक्टर हो म्हणाले, की करा, सगळ्यांना बोलवून करा.

आणि जे दवाखान्याजवळ राहतात त्यांच्यासाठी. आजाऱ्याला भेटलं की त्याच्या दुखण्याचा साठावा भाग जातो असं तालमूद या ज्यू धर्मग्रंथात म्हटलंय, त्याच्याच पुढच्या पानावर रब्बी अकिवा आजारी शिष्याकडे गेले आणि तिथली जमीन झाडून घेतली म्हणून तो वाचला अशी गोष्ट आहे. तेव्हा नुसतं भेटायला जाऊ नका, काहीतरी काम उचला. "काही लागलं तर सांगा" असं म्हटलं की कोणी सांगत नाही, "मंगळवारी कपडे धुवायला नेते, पिशवी दाराबाहेर ठेवा" असं म्हणा. रिपोर्ट काय आला ते विचारू नका. जेवण द्यायचं तर बंद पाकिटातलं, कोशरचा शिक्का दिसेल असं. घरात एखादी खोली रिकामी असेल, तर सोशल वर्करकडे नाव देऊन ठेवा, शुक्रवारी दुपारी तिचा फोन येतोच.

निघायच्या दिवशी चादरी काढून मशीनजवळ ठेवा, फ्रिजमधले आपले डबे काढा. उरलेलं तेल, मीठ, पट्टीचा रोल, न उघडलेली मेणबत्त्यांची पेटी किचनच्या फळीवर ठेवून किल्ली द्या, रात्री नवीन कोणीतरी येणार असतं आणि त्यांनी यातलं काहीच आणलेलं नसतं.