मोटरवाली दुर्बीण: मांडणी, जुळवणी आणि बिघाड

कोल्हापूरच्या उद्यमनगरात माझं मोटर रिवाइंडिंगचं दुकान आहे. विहिरीवरचे पंप, पिठाच्या गिरण्या, कडबाकुट्टी, दिवसभर याच मोटरी हाताखालून जातात. सहा वर्षांपूर्वी भाचीच्या हट्टापायी 150 मिमी आरशाची दुर्बीण घेतली, नाभीय अंतर 750 मिमी, खाली मोटर बसवलेलं इक्वेटोरियल माउंट, म्हणजे पृथ्वीच्या अक्षाला समांतर अक्षाभोवती दुर्बीण फिरवणारा आधार. तेव्हापासून आसपासचे दुर्बीणवाले आपापली माउंटं गाडीत घालून दुकानात येतात. 'मोटर गेलीय, उघडून बघा' म्हणतात. बहुतेक माउंटं मी न उघडताच परत देतो, कारण मोटर ठणठणीत असते. खोट दुसरीकडेच असते. ती शोधायची कशी, हे एकदा सविस्तर लिहून ठेवतो.

आधी एक गोष्ट डोक्यात पक्की बसवा. या मोटरीला आकाश दिसत नाही. ती फक्त फेरे मोजते. माझ्या माउंटच्या मुख्य चाकाला 144 दात आहेत आणि पृथ्वीची स्वतःभोवतीची फेरी 23 तास 56 मिनिटांची, म्हणजे वर्मला (त्या चाकाला फिरवणाऱ्या आटेवाल्या दांड्याला) एक फेरा पुरा करायला जवळजवळ 10 मिनिटं लागतात. एवढ्या धिम्या चालीनं ती पृथ्वीची फेरी उलट दिशेनं भरून काढते. 10 मिमीचा आयपीस (डोळ्याजवळचं भिंग) लावला की माझ्या दुर्बिणीत 75 पट दिसतं. मोटर बंद असेल तर शनी एका कडेनं शिरून पावणेतीन मिनिटांत दुसऱ्या कडेनं बाहेर पडतो. मोटर चालू असेल तर घरातले दहा जण आळीपाळीनं बघून होतात. पण तिनं फेरे कुठून मोजायला सुरुवात करायची, हे आपणच सांगायचं असतं. सांगण्यात चूक झाली की ती चूकही मोटर इमानेइतबारे पाळते.

उत्तर कुठे आहे?

आमचं घर फुलेवाडीत. गच्चीवरून जोतिबाचा डोंगर दिसतो आणि नवखा माणूस त्यालाच उत्तर धरून ट्रायपॉड लावतो. डोंगर खऱ्या उत्तरेच्या डावीकडे आहे. होकायंत्रावर किंवा मोबाइलवर विसंबावं, तर स्लॅबमधल्या सळ्या सुईला ओढतात. गच्चीच्या दोन कोपऱ्यांत मोबाइल ठेवून बघा, उत्तर दोन ठिकाणी दोन दाखवेल.

मी ओळंब्यानं काम करतो. दुपारी गच्चीवर ओळंबा टांगायचा आणि सूर्य ऐन माथ्याच्या रेषेवर येतो त्या मिनिटाला दोरीची सावली आखून घ्यायची. ती रेघ शुद्ध दक्षिणोत्तर. कोल्हापूर 82.5 अंशांच्या प्रमाणरेषेच्या बरंच पश्चिमेला, 74 अंश 14 कलांवर (60 कला म्हणजे एक अंश) आहे, म्हणून इथे मध्यान्ह घड्याळातल्या बाराला होत नाही, सरासरीनं 12 वाजून 33 मिनिटांनी होते. नोव्हेंबरच्या सुरुवातीला ती 12:17 ला असते, फेब्रुवारीच्या मध्यावर 12:47 ला. मेच्या पहिल्या आठवड्यात हा उद्योग करू नका. त्या दिवसांत सूर्य अगदी डोक्यावर येतो आणि सावलीच उरत नाही. मी ती रेघ ऑइल पेंटनं मारून घेतली आहे, ट्रायपॉडच्या तिन्ही पायांच्या खुणांसकट. आता भाची एकटी दहा मिनिटांत मांडणी करते.

अर्ध्या अंशानं काय बिघडतं, असं लोक विचारतात. कोल्हापूरच्या माणसाला हे अंबाबाईच्या किरणोत्सवावरून कळायला हवं. 31 जानेवारी, 1 आणि 2 फेब्रुवारी, तसंच 9, 10, 11 नोव्हेंबर. मावळतीची तिरीप महाद्वारातून येते, पहिल्या दिवशी चरणांवर असते आणि तिसऱ्या दिवशी मुखापर्यंत पोचते. या तीन दिवसांत सूर्याची मावळायची जागा जेमतेम अर्ध्या अंशानं सरकलेली असते. ध्रुवतारासुद्धा खऱ्या ध्रुवबिंदूपासून अर्ध्या अंशाहून थोडा जास्तच लांब आहे. नुसतं बघायचं असेल तर ध्रुव पोलर स्कोपच्या, म्हणजे माउंटच्या अक्षातून ध्रुवाकडे बघायच्या छोट्या दुर्बिणीच्या, मधोमध धरला तरी चालतं. फोटो काढायचे असतील तर पोलर स्कोपमधल्या वर्तुळावर त्या वेळेला तो जिथे असायला हवा तिथेच आणावा लागतो.

ध्रुव आपल्याकडे फार खाली असतो, क्षितिजापासून 16.7 अंशांवर, म्हणजे हात लांब करून धरलेल्या दीड मुठीपेक्षा थोडा वर. हिवाळ्यात गुऱ्हाळं पेटली आणि साखर कारखाने सुरू झाले की उत्तरेच्या धुरकट थरात तो बुडून जातो. शिवाय माउंटचा अक्ष इतका आडवा झाल्यामुळे काउंटरवेटचा (नळीचा तोल सांभाळणाऱ्या वजनाचा) दांडा जवळपास सरळ खाली येतो आणि वजन ट्रायपॉडच्या उत्तरेकडच्या पायाला घासू शकतं. मोटर चालू करण्याआधी क्लच (अक्ष मोटरीशी जखडणारी कळ) सैल करून दुर्बीण हातानं या टोकापासून त्या टोकापर्यंत फिरवून बघा. कुठे अडतं ते तेव्हाच कळू दे. मोटरीनं धडक मारल्यावर कळलं तर दातांवर येतं.

ध्रुव दिसतच नसेल तर दक्षिणेकडे, मध्यमंडलावर (माथ्यावरून जाणाऱ्या दक्षिणोत्तर रेषेवर), खगोलीय विषुववृत्ताजवळचा (पृथ्वीच्या विषुववृत्ताच्या बरोबर वरच्या आकाशातल्या रेषेजवळचा) एखादा तारा बारीक रेघांच्या आयपीसमध्ये धरून पाच मिनिटं थांबा. तारा दक्षिणेकडे सरकत असेल तर अक्ष पूर्वेला गेलाय, उत्तरेकडे सरकत असेल तर पश्चिमेला. मग पूर्वेकडे चढणारा तारा धरा. तो दक्षिणेकडे सरकला तर अक्ष खाली आहे, उत्तरेकडे सरकला तर वर. वेळखाऊ पद्धत आहे, पण ज्यांच्या घरातून उत्तर दिसत नाही त्यांना हाच मार्ग.

तोल

हे थोडक्यात. आधी काउंटरवेटचा तोल, मग नळीचा. क्लच सोडल्यावर दुर्बीण जिथे धराल तिथे राहिली पाहिजे. आयपीस आणि फाइंडर (नळीवरची नेम धरायची छोटी दुर्बीण) लावूनच तोल बघा, कॅमेरा लावणार असाल तर तोही लावून. फाइंडर दिवसाउजेडी लांबच्या मोबाइल टॉवरवर जुळवून घ्या, पण सूर्याच्या आसपास नळी कधीही वळवू नका, आणि फाइंडरवरचं टोपणही लावून ठेवा. क्षणभराच्या नजरेनं डोळा कायमचा जातो.

वीज

माझ्याकडे येणारे निम्मे बिघाड इथले असतात. मागच्या थंडीत इचलकरंजीचा एक मित्र आला. दुर्बीण वळायला लागली की कंट्रोलरचा (माउंटला हुकूम द्यायच्या हातातल्या बटणांच्या डब्याचा) पडदा विझायचा आणि सगळं पहिल्यापासून सुरू व्हायचं. त्यानं नवा कंट्रोलर मागवायची तयारी केली होती.

"गेलाय तो, दुसरं काय," तो म्हणाला.

"आधी मीटर लावूया," मी म्हणालो.

माउंट उभं असताना माउंटच्या पिनेवर 12 व्होल्ट मिळत होते. मीटर तसाच ठेवून दोन्ही मोटरी एकदम जोरात वळवल्या. 10.6. माउंटच्या पट्टीवर 11 ते 15 व्होल्ट छापलंय, त्याच्याही खाली. ॲडॉप्टर चांगला होता, पण त्यानं खोलीतून गच्चीपर्यंत दहा मीटर अर्धा स्क्वेअरची (0.5 चौरस मिमी छेदाची) बारीक वायर ओढली होती. जाताना दहा आणि येताना दहा मिळून वीस मीटर तांबं, त्याचा रोध 0.7 ओहम. दोन अँपिअर ओढले की 1.4 व्होल्ट वायरीतच जातात. दीड स्क्वेअरची वायर लावली, घट अर्ध्या व्होल्टवर आली आणि कंट्रोलर पुन्हा विझला नाही.

म्हणून विजेची तपासणी नेहमी भारावर करा, मोटर फिरत असताना. उभ्या मोटरीवरचा आकडा काही सांगत नाही. 230 व्होल्टची एक्स्टेन्शन दवात भिजणाऱ्या गच्चीवर नेण्यापेक्षा 12 व्होल्ट, 7 अँपिअर-तासाची सीलबंद बॅटरी माउंटच्या पायाशी ठेवणं मला जास्त पटतं. नुसतं बघण्यासाठी ती संध्याकाळभर आरामात पुरते. वायरीत 3 अँपिअरचा फ्यूज घाला आणि पिनेच्या आतलं टोक धन आहे याची मीटरनं खात्री करून घ्या. ध्रुवता उलटी लागली तर बोर्ड जळतो, आणि तो मलाही जोडता येत नाही.

कंट्रोलरला काय सांगायचं

वजन खाली, नळी ध्रुवाकडे, ही माउंटची मूळ स्थिती. तशी ठेवूनच स्विच लावा. मग 16 अंश 42 कला उत्तर, 74 अंश 14 कला पूर्व, टाइम झोन अधिक 5:30, डेलाइट सेव्हिंग 'नो'.

तारखेपाशी थांबा. पुष्कळ कंट्रोलर आधी महिना मागतात, मग दिवस. आपण सवयीनं 4 ऑक्टोबरचं 04/10 टाकतो आणि यंत्र ते 10 एप्रिल समजतं. सहा महिन्यांचा फरक, म्हणजे जवळजवळ अर्धं आकाश. शनी मागितला तर नळी जमिनीकडे निघते किंवा वस्तू क्षितिजाखाली आहे असा निरोप येतो. 13 तारखेपासून पुढे अशी तारीख कंट्रोलर घेतच नाही, त्यामुळे ही चूक महिन्याच्या पहिल्या 12 दिवसांतच होते. दहा तारखेच्या आत कुणाचा फोन आला की मी पहिला प्रश्न हाच विचारतो.

यानंतर दोन ताऱ्यांची जुळवणी: कंट्रोलरवरच्या नावाचा तारा मधोमध आणून 'एंटर' दाबायचं, असं दोनदा. कंट्रोलर युरोपी नावं दाखवतो आणि आपल्याला माहीत असतात नक्षत्रं, म्हणून झाकणाच्या आत एक कागद चिकटवून ठेवा: अल्डेबरन म्हणजे रोहिणी, सिरियस व्याध, कपेला ब्रह्महृदय, रेग्युलस मघा, स्पायका चित्रा, आर्क्ट्युरस स्वाती, अँटारेस ज्येष्ठा, व्हेगा अभिजित, अल्टेअर श्रवण, कॅनोपस अगस्त्य.

भाची एका रात्री तासभर झगडत होती. दोन्ही तारे मधोमध घेऊनही पुढची प्रत्येक वस्तू चार-साडेचार अंश बाजूला पडायची. शेवटी तिनेच विचारलं, "मामा, पुनर्वसूचे दोन तारे आहेत की. पोलक्स यातला कुठला?" तिनं कॅस्टर घेतला होता. दोघांत साडेचार अंशांचं अंतर, तीच चूक पुढे सगळीकडे जात होती. पोलक्स जरा जास्त तेजस्वी आणि पिवळसर-नारिंगी असतो. कॅस्टर पांढरा, आणि 150 पटीत बघितला तर एकाचे दोन होतात. त्या रात्रीपासून ती जुळवणीचा तारा आधी मोठ्या पटीत बघते आणि मगच 'एंटर' दाबते.

रोहिणीबद्दल कोल्हापूरकरांनी एक लक्षात ठेवावं. ती आपल्या माथ्यावरून पाव अंशाच्या आतबाहेर जाते. जानेवारीच्या मध्यावर साडेनऊच्या सुमाराला बरोबर डोक्यावर असते. बघायला सुरेख, पण जुळवणीला तेव्हा घेऊ नका. फाइंडरला डोळा लावायला मान वळत नाही आणि नळी ट्रायपॉडच्या पायाला टेकू शकते. तीस ते साठ अंश उंचीवरचे दोन तारे घ्या, मध्यमंडलाच्या एकाच बाजूचे.

तारा मधोमध आणताना शेवटची हालचाल नेहमी 'वर' आणि 'उजवी' याच बटणांनी संपवा. तारा पुढे गेला तर मागे आणा आणि परत याच दोन बटणांनी चढवा. गिअरच्या दातांत थोडी मोकळीक असतेच, आम्ही कारागीर तिला 'प्ले' म्हणतो. एकाच बाजूनं दाब ठेवला की ती सगळीकडे सारखी राहते आणि मोजणी फसत नाही.

तरीही चालत नसेल तर

मोटर गुणगुणतेय पण दुर्बीण हलत नाही. क्लच घट्ट आहे का बघा. असेल तर मोटरीच्या दांड्यावरच्या गिअरचा ग्रब स्क्रू (डोकं नसलेला बारीक स्क्रू) सैल झालेला असतो. बारीक ॲलन की घेऊन दांड्याच्या सपाट बाजूवर आणून आवळा. पाच मिनिटांचं काम आहे, आणि याच कामासाठी एका दुरुस्तीवाल्यानं माझ्या ओळखीच्या मुलाकडून नव्या मोटरीचे पैसे घेतले होते. त्याचा मला अजून राग आहे.

पडद्यावर 'नो रिस्पॉन्स' येतंय. कंट्रोलरच्या केबलची टोकं काढून पिना बघा. आपल्या पावसाळ्यानंतर त्यांच्यावर हिरवट थर येतो. आयसोप्रोपिल अल्कोहोल आणि मऊ ब्रशनं पुसा, वाळू द्या, परत लावा. मुंग्याही घुसतात.

वस्तू सापडते पण हळूहळू निसटते. ट्रॅकिंग चंद्राच्या गतीवर राहिलंय का बघा. आदल्या रात्री चंद्र बघितला असेल तर हे हमखास होतं. ते ठीक असेल तर ध्रुवजुळवणी. आणि जुळवणीनंतर कुणी क्लच सोडून नळी हातानं वळवली असेल, तर बऱ्याच माउंटांवर सगळं पहिल्यापासून करावं लागतं. लहान मुलं जमली की मी क्लचवर हात ठेवूनच उभा राहतो.

चित्र थरथरतं. गच्चीवर कुणी चाललं तरी 150 पटीत गुरू नाचतो. ट्रायपॉडचे पाय कमी लांब काढा, मधल्या ट्रेला पाण्याचा कॅन बांधा. एप्रिल-मेमध्ये स्लॅब मध्यरात्रीपर्यंत गरम वाफा सोडतो; त्याला इलाज नाही, अंगणात मातीवर उतरा. मसाई पठारावर नेणार असाल तर वाऱ्याच्या दिशेला गाडी आडवी लावा.

जूनपासून सप्टेंबरपर्यंत आरसा आणि माउंट वेगवेगळ्या हवाबंद डब्यांत, सिलिका जेलसकट. जेलचा निळा रंग गुलाबी झाला की तव्यावर मंद आचेवर भाजून पुन्हा निळा करा. महिन्यातून एकदा माउंट बाहेर काढून दोन्ही अक्ष अर्धा तास मोटरीवर फिरवा, म्हणजे ग्रीस एका जागी बसत नाही. शिलाई मशिनचं तेल वर्मवर घालू नका. ते ग्रीस धुऊन काढतं आणि दोन महिन्यांनी कोरडे दात वाजायला लागतात. असं माउंट मात्र मला उघडावंच लागतं.