खासदाराचं वजन मोजताना या चुका टाळा

निवडणूक जवळ आली की खासदारांचे तक्ते फिरायला लागतात. हजेरी इतके टक्के, प्रश्न इतके, चर्चेत भाग इतक्यांदा, खासगी विधेयकं (मंत्री नसलेल्या सदस्याने मांडलेली) इतकी, आणि शेवटच्या रकान्यात क्रमांक. मीही एकदा महाराष्ट्रातल्या ४८ जागांचा असा तक्ता रात्र जागून केला होता. नंतर वरच्या काही नावांचे प्रश्न एकेक करून उघडून वाचायला बसले, तर एकाच अतारांकित (म्हणजे फक्त लेखी उत्तराच्या) प्रश्नावर पाच-पाच खासदारांची नावं. मजकूर एक, उत्तर एक, आणि माझ्या तक्त्यात तो पाच वेळा मोजलेला. तेव्हापासून ‘किती केलं’ आणि ‘त्यामुळे काय हललं’ हे दोन रकाने मी वेगळे ठेवते. प्रभाव दुसऱ्या रकान्यात असतो. हा माणूस सभागृहात नसता तर काय वेगळं घडलं असतं, एवढंच तिथे विचारायचं.

प्रश्नांची बेरीज करून थांबणं

लोकसभेत एका दिवसासाठी सदस्याला पाचच प्रश्नांची सूचना देता येते. आलेल्या सूचनांतून सोडतीने २० तारांकित (तोंडी उत्तराचे) आणि २३० अतारांकित प्रश्न ठरतात. त्या २० पैकी तासाभरात तोंडी उत्तरापर्यंत जेमतेम चार-पाच पोचतात. बाकीच्यांना लेखी उत्तर मिळतं आणि मंत्र्याला अडवणारा पुरवणी प्रश्न विचारायची संधी जाते. म्हणजे तुमच्या आकड्यात सोडतीचा वाटा आहे, आणि प्रश्न लिहून देणाऱ्या सहायकाच्या चिकाटीचाही. डिसेंबर २००५ मध्ये प्रश्न विचारण्यासाठी पैसे घेतले म्हणून ११ खासदारांना संसदेतून काढून टाकलं गेलं. ते प्रश्नही कुठल्यातरी बेरजेत धरले गेलेच असतील.

आता दुसरं टोक पाहा. डिसेंबर १९५७ मध्ये फिरोज गांधींनी आयुर्विमा महामंडळाचा पैसा हरिदास मुंदडा यांच्या कंपन्यांत का गेला, हे लोकसभेत लावून धरलं. ते स्वतः सत्ताधारी पक्षाचे. त्यातून मुंबई उच्च न्यायालयाचे मुख्य न्यायमूर्ती एम. सी. छागला यांचा एकसदस्य आयोग नेमला गेला, त्याची सुनावणी मुंबईत सगळ्यांसमोर झाली, आणि फेब्रुवारी १९५८ मध्ये अर्थमंत्री टी. टी. कृष्णम्माचारी यांना पायउतार व्हावं लागलं. तक्त्यात अशा भाषणासमोर फक्त ‘एक’ लिहिलं जातं. शून्य प्रहरात (तातडीचे विषय मांडायच्या वेळात) मिनिटभर मांडलेल्या मुद्द्यासमोरही ‘एक’च.

भाषणांचं आणखी एक आहे. बोलायचा वेळ पक्षाच्या संख्याबळावर वाटला जातो आणि पक्षाकडून नावं जातात. एकांड्या खासदाराच्या वाट्याला दोन-तीन मिनिटं येतात. तो कमी बोलतो, यात त्याचा आळस शोधू नका.

कोरा रकाना म्हणजे शून्य समजणं

मंत्री प्रश्न विचारत नाहीत, उत्तरं देतात, आणि हजेरीच्या नोंदवहीत सहीही करत नाहीत. नागपूरचे नितीन गडकरी २०१४ पासून मंत्री आहेत, त्यामुळे प्रश्नांच्या यादीत त्यांचा ठावठिकाणा लागणार नाही. इंदूरच्या खासदार आणि मूळच्या चिपळूणच्या सुमित्रा महाजन २०१४ ते २०१९ लोकसभेच्या अध्यक्ष होत्या. कुणी बोलायचं, कुठली सूचना स्वीकारायची, हे त्या ठरवत. त्यांना ‘चर्चा : शून्य’ असं मोजलं तर तक्त्याला अर्थच उरत नाही. अशा नावांसमोर ‘लागू नाही’ लिहा आणि सरासरीतून ती वगळा. मधेच मंत्री झालेल्यांचा आणि पोटनिवडणुकीतून आलेल्यांचा कालावधीही वेगळा धरायला हवा.

हजेरीबद्दल एवढंच सांगते की ती दिवसाची असते, तासांची नव्हे.

मतदानावरून माणूस ओळखायला जाणं

कोणी कशाच्या बाजूने मत दिलं, यावरून खासदाराला जोखण्याची पद्धत अमेरिकेतून आली. तिथे सदस्य पक्षाविरुद्ध मत देऊनही आपली जागा राखतो. आपल्याकडे १९८५ च्या ५२ व्या घटनादुरुस्तीने दहावं परिशिष्ट आलं. पक्षादेश मोडला तर खासदारकी जाऊ शकते. शिवाय बहुतेक विधेयकं आवाजी मतदानाने मंजूर होतात, नावनिशीवार नोंद होतच नाही. जी मतविभागणी नोंदली जाते, तिच्यात पक्ष दिसतो, माणूस क्वचितच.

आणि जिथे एकेक मत मोलाचं ठरतं, तिथे लोक वेगळीच चूक करतात. १७ एप्रिल १९९९ रोजी वाजपेयी सरकारच्या विश्वासदर्शक ठरावावर बाजूने २६९ आणि विरोधात २७० मतं पडली. आजही ‘गिरिधर गमांग यांच्या मताने सरकार पडलं’ असं सर्रास सांगितलं जातं, कारण ते फेब्रुवारीत ओडिशाचे मुख्यमंत्री झाले होते आणि तरी खासदार म्हणून मत द्यायला आले. पण त्या २७० पैकी कुणाही एकाने बाजू बदलली असती तरी सरकार वाचलं असतं. गणिताने २७० जण सारखेच निर्णायक होते. फरक पाडणारा शोधायचा तर अपेक्षेविरुद्ध कोण वागलं ते पाहायला हवं. नॅशनल कॉन्फरन्सचे सैफुद्दीन सोझ पक्षादेश मोडून विरोधात गेले आणि पक्षातून बाहेर फेकले गेले. बसपा तटस्थ राहील असा सरकारचा होरा होता, तीही विरोधात गेली. आणि ज्यांच्या अण्णा द्रमुकने पाठिंबा काढल्यामुळे ही वेळ आली, त्या जयललिता लोकसभेच्या सदस्यच नव्हत्या. त्या दिवसाचा सर्वांत मोठा प्रभाव कुठल्याही खासदार-तक्त्यात मावणारा नव्हता.

मंजूर झालेली विधेयकंच मोजणं

स्वातंत्र्यानंतर खासगी विधेयकांपैकी फक्त १४ कायदे झाले, आणि त्यातला शेवटचा १९७० चा. त्यामुळे ‘किती मंजूर झाली’ हा प्रश्न विचारलात तर आज सगळ्यांचं उत्तर एकच येईल. ‘किती मांडली’ हे विचारलंत तर हौसेने मांडलेलीही त्यात येतील.

इथे मला राजापूरचे बॅ. नाथ पै आठवतात, आणि त्यांच्याबद्दल लिहिताना हात आखडता घ्यावासा वाटत नाही. फेब्रुवारी १९६७ मध्ये गोलकनाथ खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं, की संसद मूलभूत हक्कांना हात लावू शकत नाही. विरोधी बाकांवरच्या नाथ पैंनी त्याच वर्षी खासगी विधेयक आणलं : घटनेत बदल करण्याचा अधिकार संसदेचा, म्हणजे लोकांचा. ते संयुक्त समितीकडे गेलं, त्यावर सभागृहात दीर्घ वाद झाला, काही विरोधकांनीही त्यांना धारेवर धरलं. विधेयक मंजूर झालं नाही. जानेवारी १९७१ मध्ये नाथ पै गेले. त्याच वर्षी सरकारने २४ वी घटनादुरुस्ती केली. तिचा गाभा तोच होता, आणि १९७३ मध्ये केशवानंद भारती खटल्यात ती टिकली. बहुमत आणि इच्छाशक्ती सरकारची होती, हे खरं. पण युक्तिवाद चार वर्षं आधी सभागृहात पाखडला गेला होता, तो राजापूरच्या खासदारामुळे.

अगदी अलीकडे द्रमुकचे राज्यसभा खासदार तिरुची शिवा यांचं तृतीयपंथीयांच्या हक्कांचं विधेयक राज्यसभेने २०१५ मध्ये मंजूर केलं. लोकसभेत ते अडलं, आणि २०१९ मध्ये सरकारने स्वतःचा कायदा आणला. दोन मसुदे शेजारी ठेवले तर काय आलं आणि काय गाळलं, दोन्ही कळतं.

समित्यांकडे पाठ फिरवणं

विधेयकं आणि मंत्रालयांचं काम तपासणाऱ्या संसदेच्या विभागवार स्थायी समित्या २४ आहेत, प्रत्येकीत ३१ सदस्य : लोकसभेचे २१, राज्यसभेचे १०. बैठका बंद दाराआड होतात, म्हणून तक्ते करणारे त्या सोडून देतात. पण अहवालाच्या शेवटी इतिवृत्त असतं. कोण आलं होतं ते त्यात दिसतं, आणि मतभेदाची टिपणंही छापलेली असतात. तिथली दहा पानं मला शंभर प्रश्नांपेक्षा जास्त सांगून जातात.

मात्र दोन लोकसभांची तुलना करताना जपून. पंधराव्या लोकसभेत सुमारे ७१ टक्के विधेयकं समित्यांकडे गेली होती, सतराव्या लोकसभेत सुमारे १६ टक्के. नंतरचा सदस्य निष्क्रिय दिसतो, त्याचं कारण कदाचित एवढंच असेल की त्याच्यापुढे विधेयक आलंच नाही.

तरी आकडा हवाच असेल तर

तुलना सारख्यांची करा : विरोधी पक्षातल्या पहिल्या खेपेच्या खासदाराची तशाच खासदाराशी. राज्यसभा आणि लोकसभा एका यादीत घालू नका. राज्यसभेत २४५ सदस्यांसाठी दिवसाला १५ तारांकित आणि १६० अतारांकित प्रश्न असतात, तिथला हिशेबच निराळा. एकाच मजकुरावर अनेक नावं असतील तर तो प्रश्न एकदाच मोजा.

मग उलट्या दिशेने चाला. तुमच्या भागाशी संबंध असलेला एक कायदा निवडा. मांडलेलं विधेयक आणि राजपत्रात आलेला शेवटचा मजकूर शेजारी-शेजारी ठेवा. जी ओळ बदलली तिच्याखाली खूण करा, आणि ती आधी कुणाच्या तोंडी आली हे समितीच्या अहवालात व लोकसभेच्या कार्यवृत्तात शोधत मागे जा. कधी नाव सापडतं, कधी दोन-तीन सापडतात, कधी ओळ मंत्रालयातूनच आलेली निघते. एका विधेयकाला मला पंधरवडा लागतो.