फॉरमॅट मारण्याआधी: हळूहळू मंदावलेला घरचा कॉम्प्युटर कसा तपासावा

गोव्यातल्या माशेलचे माझे मामा जत्रा-काल्यांच्या नाटकांच्या संहिता टाइप करून देतात. दिवाळी सरली की गावोगावच्या मंडळांच्या वह्या त्यांच्या टेबलावर येऊन पडतात. गेल्या वर्षी त्यांचा कॉम्प्युटर इतका मंदावला, की बटण दाबून ते आंघोळीला जात आणि परत आले तरी पडद्यावर चक्र फिरतच असे. "हा सारखा 'मातशें राव' (जरा थांब) म्हणतोय," असे ते फोनवर सांगत.

याच दुखण्यावर पूर्वी एकदा एका दुकानात फॉरमॅट मारून, म्हणजे डिस्क पुसून विंडोज नव्याने घालून घेतले होते. चार महिने कॉम्प्युटर छान चालला. पण युनिकोडच्या (आजच्या सर्वमान्य अक्षरपद्धतीच्या) आधीच्या काळातले त्यांचे मराठी फॉन्ट त्यात पुसले गेले. जुन्या नाटकांच्या फाइली उघडल्या की देवनागरीच्या जागी इंग्रजी अक्षरे आणि चिन्हांची खिचडी दिसे. फॉन्ट परत मिळवताना मामांचे जे हाल झाले ते मी पाहिले आहेत, म्हणून कळकळीने सांगतो: फॉरमॅट शेवटी. हळूहळू मंदावणाऱ्या कॉम्प्युटरची कारणे मोजकीच असतात आणि बहुतेक घरबसल्या सापडतात. पुढचे सगळे विंडोज १० आणि ११ साठी आहे.

आधी कॉपी, मग मोजणी

कशालाही हात लावण्याआधी महत्त्वाच्या फाइली बाहेरच्या हार्ड डिस्कवर किंवा मोठ्या पेन ड्राइव्हवर घ्या. डेस्कटॉप, डॉक्युमेंट्स, पिक्चर्स ही फोल्डरे तर घ्याच. हिशेबाच्या सॉफ्टवेअरचा बॅकअप घ्या. आणि जुने मराठी फॉन्ट वापरत असाल तर सी ड्राइव्हच्या विंडोज फोल्डरमधल्या फॉन्ट्स फोल्डरातून तेही उचला. मंदपणाचे कारण मरायला टेकलेली डिस्क असू शकते. तसे असेल तर आज वाचणारी फाइल उद्या वाचेलच असे नाही.

मग मोबाइलचे स्टॉपवॉच लावा. बटण दाबल्यापासून एखादी फाइल उघडून तिच्यात टाइप करता येईपर्यंत किती वेळ लागतो, तो कागदावर लिहा. मामांकडे ६ मिनिटे ४० सेकंद लागत होते. हा आकडा नसेल तर केलेल्या उपायाचा उपयोग झाला की नाही हे कळत नाही, नुसते वाटत राहते.

आता कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप एकत्र दाबा. टास्क मॅनेजर उघडेल. कॉम्प्युटर चालू होऊन पाचेक मिनिटे झाल्यावर सीपीयू (म्हणजे प्रोसेसर), मेमरी आणि डिस्क हे तीन रकाने बघा. मेमरी कायम ८५-९० टक्क्यांच्या वर असेल तर रॅम, म्हणजे चालू कामापुरती मेमरी, अपुरी पडते आहे. काही उघडलेले नसतानाही सीपीयू वर असेल तर एखादा प्रोग्रॅम मागच्या मागे राबतो आहे. रकान्याच्या नावावर क्लिक केले की सगळ्यांत जास्त खाणारा वर येतो. आणि डिस्क १०० टक्के दिसते, पण प्रत्यक्षात सेकंदाला दोन-चार एमबीच हलताहेत, असे असेल तर जुनी फिरती हार्ड डिस्क दमली आहे. मामांकडे हेच होते, पण तेवढे एकच कारण नव्हते.

रीस्टार्ट करा, शटडाउन नव्हे

टास्क मॅनेजरच्या परफॉर्मन्स भागात सीपीयूवर क्लिक केले की खाली 'अप टाइम', म्हणजे विंडोज किती काळ सलग चालू आहे तो आकडा, दिसतो. मामा रोज रात्री कॉम्प्युटर बंद करतात, तरी तिथे २३ दिवस दिसत होते. कारण विंडोजचे फास्ट स्टार्टअप. शटडाउन केल्यावर विंडोज आपल्या गाभ्याची स्थिती डिस्कवर जपून ठेवते आणि सकाळी तीच परत उचलते. त्यामुळे ड्रायव्हरांनी (प्रिंटर, साउंड वगैरे चालवणाऱ्या छोट्या प्रोग्रॅमांनी) घातलेला गोंधळही जसाच्या तसा परततो. रीस्टार्ट केले तरच सगळे नव्याने सुरू होते. आठवड्यातून एकदा रीस्टार्ट करण्याची सवय लावा. यासाठी पैसे लागत नाहीत आणि जोखीमही नाही.

आपोआप उठणारे प्रोग्रॅम

टास्क मॅनेजरमध्येच स्टार्टअप ॲप्सची यादी आहे. वर्षभरात आपण जे जे इन्स्टॉल करतो त्यातले बरेचसे इथे येऊन बसते. कॉम्प्युटर हळूहळू का मंदावतो, याचे निम्मे उत्तर बहुतेक घरांत इथेच मिळते. चॅटचे प्रोग्रॅम, गाण्यांचे प्लेअर, दोन वर्षांपूर्वी विकलेल्या प्रिंटरचा 'मदतनीस' हे सगळे डिसेबल करा. डिसेबल म्हणजे काढून टाकणे नव्हे. हवे तेव्हा हाताने उघडता येते. अँटिव्हायरस, टचपॅड, साउंड, ग्राफिक्स आणि मराठी टायपिंगचे सॉफ्टवेअर मात्र राहू द्या. एखादे नाव ओळखीचे नसेल तर त्यावर उजवे क्लिक करून ऑनलाइन शोधा, मग ठरवा.

दोन अँटिव्हायरस असतील तर एक काढा. दोघेही प्रत्येक फाइल तपासायला धावतात आणि एकमेकांच्या पायात पाय घालतात. घरगुती वापराला विंडोजचा स्वतःचा डिफेंडर पुरतो, असा माझा अनुभव आहे.

एवढे केल्यावर मामांचा आकडा ४ मिनिटे १० सेकंदांवर आला.

जागा मोकळी करताना एक खूण सांभाळा

सी ड्राइव्हची पाचवा हिस्सा तरी जागा मोकळी ठेवावी. चवथीला (गणेश चतुर्थीला) घर भरलेले असते, माटोळीचे (गणपतीवर टांगलेल्या फळाफुलांच्या चौकटीचे) आणि आरत्यांचे व्हिडिओ प्रत्येकाच्या मोबाइलमधून कॉम्प्युटरवर उतरतात आणि तिथेच राहतात. ते बाहेरच्या डिस्कवर हलवा. मग सेटिंग्ज, सिस्टिम, स्टोरेज असे जाऊन टेम्पररी फाइल्स उघडा. तिथल्या यादीत 'डाउनलोड्स' हेही नाव असते. त्यापुढे बरोबरची खूण असेल तर आधी ती काढा. नाहीतर दाखले, पावत्या, बिले, जे जे उतरवून ठेवले ते सगळे जाईल. रजिस्ट्री (विंडोजच्या सेटिंग्जची नोंदवही) साफ करून वेग दुप्पट करतो म्हणणारी सॉफ्टवेअर घेऊ नका. त्यांनी वेग वाढल्याचे मी कधी पाहिलेले नाही, विंडोज बिघडल्याचे मात्र पाहिले आहे.

ब्राउझरमधली न वापरलेली एक्स्टेन्शन काढा. उघड्या टॅबची संख्या आटोक्यात ठेवा.

व्हायरसचा संशय असेल तर विंडोज सिक्युरिटीमधून डिफेंडरचे ऑफलाइन स्कॅन चालवा. कॉम्प्युटर रीस्टार्ट होतो आणि साधारण १५ मिनिटांत तपासणी होते. "तुमच्या कॉम्प्युटरमध्ये व्हायरस आहे, या नंबरवर फोन करा" अशी पाटी अचानक आली तर फोन करू नका, कोणालाही दुरून ताबा देऊ नका. पैसे गेलेच तर ताबडतोब १९३० या सायबर हेल्पलाइनला कळवा.

गोव्याची हवा आणि कॅबिनेटचे पोट

इथे थोडे थांबतो, कारण आपल्याकडे हे कारण फार घडते आणि फार कमी तपासले जाते. प्रोसेसर तापला की स्वतःला वाचवण्यासाठी वेग उतरवतो. बहुतेक प्रोसेसरांची ही मर्यादा १०० अंश सेल्सिअसच्या आसपास असते. पंख्यात धूळ साठत जाते, तसा कॉम्प्युटर थोडा थोडा मंदावत जातो. सकाळी चालू केल्यावर बरा आणि तासाभराने जड, पंखा घोंघावतो आहे, असे असेल तर उष्णतेकडे बघा.

आपली तांबडी धूळ बारीक. जूनपासून सप्टेंबरपर्यंत हवेत ओल भरलेली, आणि किनाऱ्याजवळच्या घरांत वर मीठही. ओल धरलेली धूळ हीटसिंकच्या (प्रोसेसरची उष्णता ओढून घेणाऱ्या धातूच्या भागाच्या) पात्यांमध्ये लिंपल्यासारखी बसते, नुसत्या फुंकरीने निघत नाही. मामांच्या कॅबिनेटची बाजू उघडली तेव्हा पात्यांवर करड्या-तांबूस नमद्यासारखा थर होता, आणि तळाशी पालीची दोन अंडी.

साफ करताना प्लग काढा, मग चालू करायचे बटण चार-पाच सेकंद दाबून धरा, म्हणजे उरलेली वीज निघून जाते. पंख्याचे पाते एका बोटाने धरा आणि रंगाच्या मऊ, कोरड्या ब्रशने धूळ सोडवा, मग ब्लोअर मारा. पाते न धरता ब्लोअर मारला तर पंखा भरधाव फिरून बेअरिंग बिघडू शकते. रॅमची पट्टी काढून तिचे सोनेरी दात पांढऱ्या खोडरबराने हलके घासा आणि कोरड्या कापडाने पुसा. दमट हवेने चढलेला थर निघतो. पॉवर सप्लायचा डबा मात्र उघडू नका. त्यातल्या कपॅसिटरमध्ये प्लग काढल्यावरही वीज राहते. चार-पाच वर्षे झाली असतील तर प्रोसेसरवरची वाळलेली थर्मल पेस्ट (उष्णता हीटसिंककडे नेणारा लेप) पुसून वाटाण्याएवढी नवी लावून घ्या. हात बसलेला नसेल तर एवढे काम दुकानात द्या. लॅपटॉपही जाणकाराकडूनच उघडून घेतलेला बरा.

चिऱ्याच्या भिंतीला पावसाळ्यात ओल येते, म्हणून कॅबिनेट भिंतीपासून वीतभर पुढे ठेवा. चालू कॉम्प्युटरवर नक्षीकामाचे कापड घालू नका. आणि पावसाळ्यात वापर नसला तरी दोन-तीन दिवसांनी अर्धा तास चालू करा. आतली ऊब ओल धरू देत नाही.

डिस्कची प्रकृती आणि खर्चाचा निर्णय

एवढे करूनही डिस्कचा रकाना १०० वर अडून बसला असेल तर क्रिस्टलडिस्कइन्फो हे मोफत सॉफ्टवेअर उघडा. डिस्कची तब्येत निळ्या रंगात 'गुड' दिसली तर ठीक. पिवळ्यात 'कॉशन' दिसले तर डिस्कचे काही भाग निकामी होऊ लागले आहेत, दिरंगाई नको. टक्‌-टक्‌ असा ठराविक आवाज येत असेल तर कॉम्प्युटर चालूच ठेवू नका, आधी जाणकाराला दाखवा.

डिस्क निरोगी असली तरी फिरत्या डिस्कच्या जागी एसएसडी (फिरता भाग नसलेली, चिपांची डिस्क) बसवणे हाच सगळ्यांत मोठा फरक पाडणारा खर्च आहे. फिरत्या डिस्कला एक तुकडा शोधायला साधारण १० मिलिसेकंद लागतात, एसएसडीला ०.१ मिलिसेकंदाच्या आसपास; आणि विंडोज चालू होताना असे हजारो तुकडे शोधते. दुकानदाराला 'क्लोन करून द्या' असे स्पष्ट सांगा. मग जुने विंडोज, सॉफ्टवेअर, फॉन्ट सगळे जसेच्या तसे नव्या डिस्कवर येते. एसएसडीला डीफ्रॅगची (फाइलींचे विखुरलेले तुकडे सलग लावण्याची) गरज नसते. विंडोज तिची निगा वेगळ्या रीतीने राखते.

रॅम ४ जीबी असेल तर ८ करा. घेण्याआधी तुमच्या रॅमचा प्रकार डीडीआर३ की डीडीआर४ ते तपासा, एकीच्या खाचेत दुसरी बसत नाही. आणखी एक हिशेब करा: विंडोज १० चा नेहमीचा आधार (नियमित अपडेट) १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला आणि विंडोज ११ ला टीपीएम २.० (सुरक्षेची एक सोय, जी कॉम्प्युटरमध्येच असावी लागते) लागते. सेटिंग्जमधल्या विंडोज अपडेटमध्ये तुमचे मशीन ११ ला चालते का ते पाहा. चालत नसेल तर जुन्या मशीनवर रॅमचा मोठा खर्च करू नका. एसएसडी मात्र उद्या दुसऱ्या मशीनमध्येही वापरता येते.

मामांच्या कॉम्प्युटरला एसएसडी क्लोन करून बसवली. एकही फॉन्ट गेला नाही. स्टॉपवॉचचा कागद कॅबिनेटच्या आतल्या बाजूला चिकटवला आहे: ६ मिनिटे ४०, ४ मिनिटे १०, साफसफाईनंतर ३ मिनिटे ५०, आणि शेवटी ३८ सेकंद, प्रत्येकापुढे तारीख. दर मे महिन्यात पावसाआधी पंखा साफ करताना ते नवा आकडा खाली लिहितात.