मिल्क बँकेच्या लॅबमध्ये रुजू होताय? मग 'कंटॅमिनंट' हा शेरा विसरा

डीएमएलटी किंवा मायक्रोमध्ये एमएससी करून तुम्ही मिल्क बँकेत, म्हणजे आयांनी दान केलेलं दूध तपासून कमी वजनाच्या बाळांना देणाऱ्या ठिकाणी, येत असाल, तर प्लेट लावणं आणि कॉलनी ओळखणं तुम्हाला येतंच. दूध ६२.५ अंशांवर ३० मिनिटं आणि लगेच ४ अंशांपर्यंत थंड, हे होल्डर पाश्चरायझेशनही पाठ असेल. अडकायला होतं ते अंगवळणी पडलेल्या सवयीपायी.

ब्लड कल्चरच्या बेंचवर आपण काय शिकलो? एकाच बाटलीत जाड ग्रॅम पॉझिटिव्ह बॅसिलाय आले, त्यात स्पोअर्स (बॅक्टेरियाची कवचबंद, चिवट रूपं) आहेत, रुग्ण ठणठणीत आहे. मग 'एएसबी (स्पोअर्सवाले बॅसिलाय), कंटॅमिनंट', म्हणजे बाहेरून चुकून आलेले, असं लिहायचं आणि पुढची प्लेट घ्यायची. मीही तशीच तयार झाले. पाश्चराइज केलेल्या दुधाच्या एका प्लेटवर मोठ्या, चपट्या, खरबरीत कॉलनी होत्या, भोवती हिमोलिसिसचं, म्हणजे रक्तपेशी फुटल्याचं, स्वच्छ वलय. मॅकॉन्की या दुसऱ्या माध्यमावर काहीच नव्हतं. सीनियर ताईंनी एवढंच विचारलं, "कंटॅमिनंट आला कुठून, प्लेटमधून की बाटलीतून?" मला उत्तर देता आलं नाही.

तो बॅसिलस सिरियस होता. ६२.५ अंशांना बाकीचे बहुतेक बॅक्टेरिया मरतात, याचे स्पोअर्स मरत नाहीत. उलट स्पर्धाच संपल्यामुळे त्याला रान मोकळं मिळतं. दूध थंड करायला उशीर झाला की स्पोअर्स रुजतात आणि वाढू लागतात. मोठ्यांच्या रक्तात ज्याला आपण हसून सोडून देतो, तोच एक किलोच्या बाळाला सेप्सिसपर्यंत, म्हणजे जीवघेण्या जंतुसंसर्गापर्यंत, नेऊ शकतो. म्हणून पाश्चरायझेशननंतरच्या प्लेटवर काहीही उगवलं तर ती बॅच फेकायची. "पुन्हा लावून बघू, कदाचित निगेटिव्ह येईल" म्हणणारे भेटतील. त्यांचं ऐकू नका, मग ते कितीही वरच्या पदावर असोत. प्लेट स्वच्छ येईपर्यंत टेस्ट करत राहणं ही तपासणी नव्हे. तेवढ्या वेळात दूध काढायच्या पंपाचे भाग कशाने धुतले, नळाचं पाणी कुठे लागलं, शेजारी बांधकामाची धूळ उडते आहे का, हे शोधा.

उलटंही होतं. प्लेट कोरी असते, पण कच्च्या दुधात स्टॅफिलोकॉकस ऑरियस भरपूर वाढलेला असतो. तो उष्णतेने मरतो, त्याचं टॉक्सिन (विष) मात्र टिकतं. ब्रिटनमधल्या नाइस या आरोग्य मार्गदर्शन संस्थेच्या २०१० च्या मार्गदर्शनात कच्च्या दुधात त्याची मर्यादा मिलिलिटरला १०,००० सीएफयू (कॉलनी तयार करू शकणारे जंतू) आहे, ती त्याचसाठी.

दूध फेकताना वाईट वाटतं. एवढ्याशा बाळाचं फीड सुरुवातीला एक-दोन मिलिलिटर असतं, त्यामुळे एक बाटली म्हणजे किती फीड्स, हा हिशोब डोक्यात चालूच राहतो. मला अजूनही पोटात तुटतं. तरी फेका.

सगळंच भिण्यासारखं नाही. दूध निळसर दिसलं, वर साय आली, पहिल्या दिवसांचं पिवळंजर्द असलं, तर घाबरू नका. गोठवलेल्या कच्च्या दुधाला साबणासारखा वास येतो तो दुधातल्या लायपेज या एन्झाइममुळे, दूध नासल्यामुळे नव्हे. नुसत्या वासावरून दूध पारखणाऱ्यांवर माझा विश्वास नाही.

मशीनच्या डिस्प्लेवरही नाही. पाश्चरायझेशनची ३० मिनिटं मोजायची ती कंट्रोल बाटलीतल्या (तापमान बघण्यासाठी ठेवलेल्या) प्रोबने ६२.५ दाखवल्यापासून, बाहेरच्या पाण्याने दाखवल्यापासून नव्हे. हे मला कोणत्याही लेक्चरपेक्षा बँकेतल्या सिस्टरांनी नीट शिकवलं. शीवच्या लोकमान्य टिळक रुग्णालयातली बँक १९८९ मध्ये सुरू झाली, आशियातली पहिली. अशा जुन्या ठिकाणी काही दिवस नुसतं उभं राहायला मिळालं तरी सोडू नका.

डोनरच्या एचआयव्ही, हिपॅटायटिस बी आणि व्हीडीआरएलच्या (सिफिलिसच्या तपासणीच्या) रिपोर्टबरोबर तिची माहितीही नीट वाचा. "तंबाखू खाता का?" विचारलं की "नाही" येतं. "मशेरी लावता का?" विचारा, मग कितीतरी जणी सहज "हो" म्हणतात, कारण मशेरी त्यांच्या लेखी दात घासण्यात मोडते. अशा आईचं दूध दानात घेता येत नाही. पण स्वतःच्या बाळाला पाजणं थांबवायचं नाही, मशेरी सोडायची, हे तिला तिथेच, त्याच वेळी सांगा. नाहीतर 'माझं दूधच खराब' असं समजून ती घरी जाते आणि बाळाला वरचं दूध सुरू करते.