मॉनिटरच्या स्क्रीनवर चरा पडल्यावर काय करावे

परभणी, हिंगोली किंवा बीडकडच्या एखाद्या सेवा केंद्रात अर्धा तास बसले, तरी मॉनिटरवर चरे कसे पडतात हे समजते. सातबाऱ्यावरचे नाव बरोबर आले आहे का, असे केंद्रचालकाने विचारले की समोरचा माणूस खिशातला पेन काढतो आणि "हे बघा, इथं काना राहिला" म्हणत त्याच्या टोकाने थेट स्क्रीनवर रेघ ओढून दाखवतो. संध्याकाळी दुकान आवरताना चालक स्वतःच त्या स्क्रीनवरची दिवसभराची धूळ खांद्यावरच्या रुमालाने कोरडी पुसून काढतो. पेनाचा चरा लगेच सगळ्यांच्या डोळ्यांत भरतो. रुमालाने रोज पडणारे बारीक चरे मात्र काही महिन्यांनी, खिडकीतून उन्हाची तिरीप स्क्रीनवर आली की एकदम दिसू लागतात.

चरा घालवण्याच्या घरगुती युक्त्या पुष्कळ सांगितल्या जातात. त्यांतील बहुतेक युक्त्यांनी चऱ्यापेक्षा मोठे नुकसान होते, आणि हे मी स्वतःच्या मॉनिटरवर टूथपेस्ट घासून शिकलो आहे. बोटाच्या पेराएवढा चरा खरोखरच पुसट झाला, परंतु त्याच्या जागी रुपयाच्या नाण्याएवढा एक चकचकीत डाग कायमचा बसला. असे का झाले हे कळण्यासाठी स्क्रीनची रचना थोडी समजून घ्यावी लागते.

साध्या एलसीडी किंवा एलईडी मॉनिटरमध्ये आपल्या बोटाला लागतो तो पृष्ठभाग काचेचा नसतो. आतल्या पातळ काचेवर पोलरायझर नावाची प्लास्टिकची फिल्म चिकटवलेली असते. कार्यालयात वापरल्या जाणाऱ्या मॉनिटरवर या फिल्मचा वरचा थर मुद्दाम अतिशय सूक्ष्म खडबडीत केलेला असतो, म्हणजे खिडकीचे किंवा ट्यूबलाइटचे प्रतिबिंब त्यावर पसरून फिके पडते. टूथपेस्टमध्ये दात घासण्यासाठी सिलिका किंवा कॅल्शियम कार्बोनेटची बारीक पूड असते. ती चरा भरत नाही, तर त्याच्या आजूबाजूचा तो खडबडीत थर झिजवून गुळगुळीत करते. पितळेची भांडी उजळण्याचे पॉलिश, गाडीच्या रंगावर लावायचे रबिंग कंपाउंड आणि शाळेतला खोडरबर यांचेही काम तेच. नखांना लावायच्या रंगातील द्रावक फिल्मला धुरकट करू शकतात, म्हणून तोही उपाय बाद समजावा.

आता प्रत्यक्ष कामाकडे वळू.

मॉनिटर बंद करून वायर प्लगमधून काढावी आणि स्क्रीन थंड होऊ द्यावी. नव्या मॉनिटरवर कारखान्यातून आलेले पातळ संरक्षक प्लास्टिक अनेक जण वर्षभर तसेच ठेवतात, त्यामुळे आधी स्क्रीनचे कोपरे तपासावेत. चरा त्या प्लास्टिकवरच असेल तर ते सोलून काढताच काम संपते. कोपऱ्यात वेगळे सुटणारे काही दिसत नसेल तर नखाने उकरू नये, कारण मग मूळ फिल्मच उचलली जाण्याची भीती असते.

त्यानंतर मोबाइलचा टॉर्च स्क्रीनच्या एका बाजूने तिरपा धरून पाहावे. खरा चरा या तिरप्या उजेडात चमकतो आणि टॉर्च हलवला की त्याची चमकही बदलते. बंद स्क्रीनवर काहीच दिसत नाही, परंतु मॉनिटर चालू केल्यावर वरपासून खालपर्यंत सरळ, एकाच जाडीची रंगीत रेघ उमटते, असे असेल तर तो चरा नाही. तो पॅनेलमधील जोडणीचा दोष आहे आणि वरून काहीही लावून तो जाणार नाही. शाई सांडल्यासारखा काळा डाग किंवा कोळ्याच्या जाळ्यासारख्या रेघा दिसत असतील, तर आतली काच फुटली आहे असे समजावे. या दोन्ही बाबतींत पुढचे सारे वाचण्याची गरज नाही.

टॉर्च हातात आहे तोवर स्क्रीनचा प्रकारही पाहून घ्यावा. टॉर्चचे प्रतिबिंब धूसर, पसरलेले दिसले तर स्क्रीन मॅट आहे. ते टाचणीच्या डोक्यासारखे ठसठशीत दिसले तर स्क्रीन चकचकीत प्लास्टिकची किंवा काचेची आहे. काच बोटाला कडक आणि थंड लागते, ती टचस्क्रीनवर आणि काही महागड्या संगणकांवर असते. शंका आली तरी दाबून पाहू नये.

स्वच्छतेच्या पायरीवर मात्र घाई करू नये, कारण पुसताना पुष्कळदा चरा समजलेली रेघ चरा नसून वाळलेला डाग निघते. उन्हाळ्यात आपल्याकडे खिडकीत कूलर लावलेला असतो. त्यातून येणारे बोअरच्या पाण्याचे तुषार स्क्रीनवर वाळले की क्षारांचे पांढरट ओघळ राहतात आणि ते हुबेहूब ओरखड्यासारखे दिसतात. त्यांवर काळ्या मातीची धूळ बसते. काळी माती हातात लोण्यासारखी मऊ लागत असली तरी तिच्यात बेसाल्ट दगडाचे कठीण कणही असतात, आणि ते फडक्याखाली सापडले की प्लास्टिकवर रेघा ओढतात. म्हणून आधी कॅमेरा साफ करायच्या रबरी फुग्याने धूळ उडवून द्यावी. तोंडाने फुंकू नये, थुंकीचे शिंतोडे उडतात.

नंतर चष्म्याबरोबर मिळते तसले मऊ मायक्रोफायबरचे स्वच्छ फडके किंचित ओलसर करून घ्यावे. नळाचे किंवा बोअरचे पाणी येथे चालत नाही, कारण त्याचेच डाग काढायला आपण बसलो आहोत. इन्व्हर्टरच्या बॅटरीत घालायचे डिस्टिल्ड वॉटर बहुतेक दुकानांत मिळते, ते उत्तम. मात्र बाटलीवरचे लेबल नीट वाचावे, कारण बॅटरीचे अ‍ॅसिडही तशाच कॅनमधून विकले जाते. पाणी कधीही स्क्रीनवर थेट फवारू नये. ते ओघळून खालच्या कडेत शिरते आणि पॅनेलला चालवणारे नाजूक सर्किट अनेक मॉनिटरमध्ये नेमके त्या पट्टीच्या आत असते. फडके वरून खाली, एका दिशेने, मांजरीच्या पाठीवरून हात फिरवावा इतक्या हलक्या दाबाने फिरवावे आणि दर एक-दोन फेऱ्यांनंतर त्याची घडी बदलावी. काचा पुसायचा अमोनियायुक्त फवारा, थिनर, अ‍ॅसिटोन आणि पेट्रोल यांना मॉनिटरजवळ आणूच नये.

स्क्रीन कोरडी झाल्यावरही रेघ राहिली तर तो चरा पक्का. आता सर्वात स्वस्त उपाय आधी करून पाहावा, तो म्हणजे मॉनिटरची जागा बदलणे. चरा डोळ्यांत खुपतो तो त्याच्यावर पडणाऱ्या बाहेरच्या उजेडामुळे. खिडकी स्क्रीनच्या समोर किंवा पाठीमागे न येता बाजूला येईल अशा रीतीने टेबल फिरवले आणि स्क्रीन किंचित पुढे झुकवली, तर बारीक चरे कामाच्या वेळी जवळपास जाणवत नाहीत. माझ्या मते दहांपैकी सात-आठ जणांनी येथेच थांबावे.

चरा ठळक असेल आणि नेमका अक्षरांच्या वाटेत येत असेल, तर साधी पेट्रोलियम जेली वापरता येते. चऱ्याच्या खाचेत हवा असल्याने उजेड तिथे वाकडातिकडा विखुरतो. जेली आणि फिल्म यांच्यातून प्रकाश जवळजवळ सारख्याच प्रमाणात वळतो, म्हणून खाच जेलीने भरली की विखुरणे कमी होते आणि रेघ पुसट दिसते. कान साफ करायच्या कापसाच्या काडीचे टोक जेलीला जेमतेम टेकवावे, तीळभर जेली पुरते. ती चऱ्याला आडवी फिरवून खाचेत बसवावी, मिनिटभर थांबावे आणि मग कोरड्या मायक्रोफायबरच्या कडेने आजूबाजूची जेली अलगद उचलून घ्यावी. मॅट स्क्रीनवर ती बाहेर पसरली तर तेवढा भाग तेलकट चमकतो, म्हणून येथे हात जितका आखडता घ्याल तितके चांगले. ही दुरुस्ती कायमची नाही. मे महिन्यात जेली मऊ पडते, तिला धूळ चिकटते आणि काही आठवड्यांनी सारे पुसून पुन्हा लावावे लागते. जेलीऐवजी खोबरेल तेल लावण्याचा मोह टाळावा. ते उन्हाळ्यात ओघळते, आणि परभणीच्या थंडीत तर बाटलीतही गोठलेले असते.

काचेच्या स्क्रीनवरील चऱ्यासाठी सेरियम ऑक्साइडची पूड वापरून काच घासतात हे खरे, आणि जुन्या, जाड काचेच्या डबा मॉनिटरवर ते जमतही असे. आजच्या पातळ काचेवर प्रतिबिंब कमी करणारा लेप असतो व तो आधी निघून जातो, तेव्हा घरी या फंदात पडू नये.

नखाचे टोक अलगद फिरवल्यावर ते अडकत असेल, तर चरा खोल आहे. अशा वेळी काही कारागीर जुनी पोलरायझर फिल्म सोलून नवी चिकटवून देतात. टीव्हीच्या मोठ्या पॅनेलसाठी तो खर्च कधी परवडतो. मॉनिटरसाठी माझे मत प्रतिकूल आहे, कारण सोलताना आतली पातळ काच तडकू शकते आणि फिल्म काटकोनात उलटी बसली तर चित्रातील काळ्याचे पांढरे व पांढऱ्याचे काळे होते. पॅनेल बदलायचे झाल्यास मॉनिटरच्या किमतीचा बराचसा भाग त्यातच जातो. लॅपटॉपचे पॅनेल मात्र बदलून घेणे बहुधा शहाणपणाचे ठरते. त्यासाठी पॅनेलच्या मागचा मॉडेल क्रमांक पाहूनच नवे मागवावे, केवळ 15.6 इंच एवढे सांगून भागत नाही. चरा ही बाहेरून झालेली इजा मानली जात असल्याने हमीत ती सहसा बसत नाही.

ज्यांच्या मॉनिटरसमोर दिवसभर ग्राहक उभे असतात, त्यांनी वरच्या कडेला अडकवायचे पारदर्शक अ‍ॅक्रिलिकचे आवरण बसवावे. त्यावरही चरे पडतील, पण ते बदलता येते. त्याशिवाय एक अगदी साधी गोष्ट करून पाहावी. माणूस पेन टेकवतो तो बहुधा अक्षर बारीक असल्यामुळे. नाव दाखवायच्या आधी कंट्रोल दाबून ठेवून अधिकचे बटण दोन-तीनदा दाबले आणि पान 150 टक्के मोठे केले, तर समोरच्याला आपला काना राहिलेला खुर्चीत बसूनच दिसतो आणि पेन खिशातच राहतो.