आयरिश पूर्वजाचे शिक्षण विद्यापीठाच्या जुन्या नोंदींतून कसे शोधावे

पूर्वजाचे शिक्षण शोधताना बहुतेक जण पदवीच्या मागे लागतात. परंतु जुन्या आयरिश नोंदींत पदवीपेक्षा प्रवेशाची ओळ कितीतरी बोलकी असते, म्हणून शोधाचा आरंभ तिथून करावा. १९२२ मध्ये डब्लिनच्या फोर कोर्ट्स परिसरातील सरकारी दप्तरखाना जळाला आणि १८२१ ते १८५१ या काळातील जनगणनेचे बहुतेक कागद त्यात गेले. डब्लिनच्याच ट्रिनिटी कॉलेज या विद्यापीठाच्या प्रवेशवह्या मात्र कॉलेजातच असल्यामुळे वाचल्या.

सर्वांत आधी पूर्वजाचे अंदाजे जन्मवर्ष, काउंटी (म्हणजे आपल्या जिल्ह्यासारखा भाग) आणि धर्मपंथ ठरवावा. यांपैकी पंथाला मी सर्वाधिक महत्त्व देतो, कारण कोणत्या संस्थेचे दार उघडायचे हे त्यावरच ठरते. १५९२ मध्ये स्थापन झालेल्या ट्रिनिटीत कॅथलिकांना १७९३ पर्यंत पदवी घेता येत नव्हती. त्याआधीचा कॅथलिक पूर्वज पॅरिस, बेल्जियममधील लूव्हेन किंवा स्पेनमधील सालामांका येथील आयरिश महाविद्यालयांत शोधावा. आयर्लंडच्या उत्तरेकडील अल्स्टर प्रांतातला प्रेस्बिटेरियन (एक प्रोटेस्टंट पंथ) असेल, तर स्कॉटलंडमधील ग्लासगो विद्यापीठाच्या नोंदी आधी पाहाव्यात.

ट्रिनिटीसाठी ‘अलम्नी डब्लिनेन्सेस’ हा छापील कोश उघडावा. तो १५९३ ते १८६० पर्यंतच्या विद्यार्थ्यांचा असून १९२४ मध्ये प्रथम निघाला आणि १९३५ मध्ये पुरवणीसह पुन्हा छापला गेला. आडनावाची सर्व स्पेलिंगे तपासावीत. ‘ओ’ आणि ‘मॅक’ ही उपपदे कधी लागतात, कधी गळतात.

नोंद सापडली की ती शब्दाशब्दाने वाचावी. ‘गलिव्हर्स ट्रॅव्हल्स’चा लेखक जोनाथन स्विफ्ट याची एप्रिल १६८२ ची नोंद घ्या: तो पेन्शनर, म्हणजे नेहमीचे शुल्क भरणारा विद्यार्थी, वय चौदा, जन्म डब्लिन काउंटीत, शिक्षण किलकेनीत, रायडर मास्तरांच्या ‘सब फेरुला’. या लॅटिन शब्दांचा अर्थ ‘छडीखाली’ असा होतो. पेन्शनरऐवजी ‘सायझर’ लिहिलेले असेल, तर तो मुलगा गरीब होता आणि कॉलेजात सेवा करून शिकला. आपल्याकडे वार लावून शिकणाऱ्या मुलांची आठवण व्हावी, अशीच ती सोय होती. वडिलांच्या नावापुढे ‘क्लेरिकस’ म्हणजे धर्मोपदेशक, ‘मर्केटर’ म्हणजे व्यापारी, ‘जेनेरोसस’ म्हणजे प्रतिष्ठित गृहस्थ, तर ‘डिफंक्टस’ म्हणजे दिवंगत. वयापाशी ‘आनुम अजेन्स’ असे शब्द आले, तर तिथे चालू वर्ष मोजलेले असते. आपण ‘सोळावे लागले’ म्हणतो, तेव्हा पंधराच पूर्ण झालेली असतात, तसेच इथेही धरावे. शिवाय १७५२ पूर्वी नवे वर्ष २५ मार्चला सुरू होत असे, त्यामुळे जानेवारी ते मार्चमधल्या तारखांचे वर्ष पुन्हा पडताळावे.

मास्तरांचे नाव पुष्कळ जण वाचून सोडून देतात, याचे मला मनापासून वाईट वाटते. त्या नावावरून शाळा कळते, शाळेवरून गाव कळते आणि गावावरून चर्चच्या बाप्तिस्मा-नोंदींपर्यंत पोचता येते. काउंटीचे नुसते नाव तिथवर नेत नाही.

१८४९ नंतरच्या पूर्वजासाठी बेलफास्ट, कॉर्क आणि गॉलवे येथील क्वीन्स कॉलेजे पाहावीत. १८८० मध्ये सनद मिळालेले रॉयल विद्यापीठ केवळ परीक्षा घेत असे आणि स्त्रियांनाही पदव्या देई. ट्रिनिटीने त्यांना १९०४ मध्ये प्रवेश दिला. म्हणून १९०४ पूर्वीची पदवीधर पणजी ट्रिनिटीच्या यादीत दिसली नाही, तर रॉयल विद्यापीठाच्या परीक्षा-याद्या काढाव्यात आणि परीक्षेचे वर्ष १९०१ च्या जनगणनेतील तिच्या वयाशी ताडून पाहावे.