एंडोमेट्रिओसिस निघालंय? मग आधी हे करा

डॉक्टरांनी एंडोमेट्रिओसिस सांगितलं की त्याच रात्री नेटवर सगळंच वाचत बसू नका प्लीज, नुसती भीती वाढते. आधी स्वतःचे रिपोर्ट काढा, सोनोग्राफी, एमआरआय, लॅप्रोस्कोपी (पोटाला छोटी छिद्रं पाडून दुर्बिणीने केलेलं ऑपरेशन) झाली असेल तर तिची ऑपरेशन नोट पण मागून घ्या, आणि नक्की कुठे कुठे आहे ते विचारा. या आजारात गर्भाशयाच्या अस्तरासारखा टिश्यू गर्भाशयाबाहेर वाढतो, पण तो ओव्हरीवर आहे की आतड्यावर की लघवीच्या पिशवीवर, यावर पुढचं बरंच ठरतं.

स्टेज (आजार किती पसरलाय त्याचा १ ते ४ आकडा) बघून मात्र त्रासाचा अंदाज बांधू नका. स्टेज १ वाली बाई दुखण्याने लोळू शकते आणि स्टेज ४ वालीला काहीच जाणवत नाही असंही होतं. सोनोग्राफी नॉर्मल आली म्हणजे आजार नाहीच असंही नसतं, म्हणून कुणी तुमचं दुखणं "मनाचं आहे" म्हणालं तर दुसऱ्या डॉक्टरांना दाखवा, खरंच दाखवा.

दुखण्याची डायरी ठेवा. पाळीचा कितवा दिवस, कुठे दुखलं, शी-लघवीला किंवा संबंधाच्या वेळी दुखलं का, कोणती गोळी घेतली, फरक पडला का. केबिनमध्ये गेल्यावर निम्मं विसरायला होतं, तेव्हा हेच कामाला येतं.

आता उपचार. गर्भनिरोधक गोळ्या, डायनोजेस्ट नावाची हार्मोनची गोळी, हार्मोनवाली कॉपर-टीसारखी मिरेना, ही सगळी आजार दाबून ठेवतात, मुळापासून घालवत नाहीत, बंद केल्यावर त्रास परत येऊ शकतो. आणि ती चालू असताना दिवस राहायला मदत होत नाही, त्यामुळे मूल हवंय का, कधी हवंय, हे पहिल्याच भेटीत सांगून टाका. चॉकलेट सिस्ट (या आजाराने ओव्हरीत होणारी, जुन्या रक्ताने भरलेली गाठ) काढताना ओव्हरीचा चांगला भागही थोडा जाऊ शकतो, म्हणून ऑपरेशनला हो म्हणण्याआधी एएमएच टेस्ट (ओव्हरीत किती अंडी शिल्लक आहेत याचा अंदाज देणारी रक्ततपासणी) करायची का ते विचारा. गाठी जाळणार की कापून काढणार, आतड्याला चिकटलेलं असेल तर त्याचे सर्जन सोबत असतील का, हेही विचारा.

"मूल झालं की बरं होईल" हे घरचे, कधीकधी डॉक्टरही म्हणतात, पण गरोदरपण हा यावरचा उपचार नाही. गर्भाशय काढूनही काहींचं दुखणं राहतं, त्यामुळे तो निर्णय घाईत घेऊ नका, दुसरं मत घ्या आणि जाताना ती डायरी न्या.